अळणी शनिवार

कुणाला काही सांगायचं असेल ना, तर ते मी सांगावं! ही बढाई नाही, अख्खं ओलांचितो गाव हेच म्हणतं. माझ्या जुन्या पिकअपच्या टपावर दोन भोंगे आहेत. कोण वारलं, कुणाची गाय हरवली, नळाला पाणी कधी येणार नाही, हे सगळं या गावाला त्या भोंग्यांतून मीच सांगतो. आवाज असा की कुत्र्यांना लस टोचायची आहे असं ओरडलो, तर कुत्री आपणहून चालत आली आणि मालक मागून धावत! एकदा चुकून जिवंत माणसाच्या मयताची वर्दी दिली, तर तो बिचारा स्वतःच डोळे पुसत मयताला हजर झाला!

तर असा मी, ओल्विन. आणि मला माझ्या सासूबाईंना फक्त एवढंच सांगायचं होतं, की तुमच्या जेवणात मीठ नाही.

सासूबाई म्हणजे दोन्या ओर्बेलिना; दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. बागेमागच्या गल्लीत त्यांची खाणावळ आहे. शनिवारी तिथं वजडीचा रस्सा असतो. नारळाच्या दुधात शिजवलेला, त्यात युकाचे कंद, हिरवी केळी, वरून कोथिंबीर, आणि सोबत मक्याच्या गरम भाकऱ्या. केळीच्या मळ्यातली माणसं त्या रश्श्यासाठी बायकोशी भांडण मिटवून यायची. कारण भांडलेल्या माणसाला सासूबाई वाढायच्या नाहीत! "आधी घरी जा, तिची समजूत काढ, मग ये," असं म्हणून ताट परत न्यायच्या.

पण एक दिवस आरोग्य केंद्रातल्या नर्स आर्मिदानं सासूबाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुसफुस करून फुगवला आणि म्हणाली, "प्रेशर वाढलंय. मीठ कमी करा."

झालं! सासूबाई तडक खाणावळीत आल्या आणि भर दुपारी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर उभ्या राहिल्या. "जे मला विष, ते माझ्या लेकरांना मी वाढू? माझ्या हातचं खाऊन कुणाला झटका आला, तर देवाला कोणतं तोंड दाखवू?" एवढं बोलून त्यांनी मिठाची अख्खी पिशवी उचलली आणि शेजारच्या गोठ्यात देऊन टाकली. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत चवीनं जेवणारी एकच जमात उरली. गाई!

टेबलावरच्या मीठदाण्या गेल्या. कांद्याच्या लोणच्याच्या बरण्या धुऊन पालथ्या पडल्या. खारं चीज रात्रभर पाण्यात भिजायला लागलं, सकाळी त्याची चव ओल्या खडूसारखी! आमचा न्हावी तुलियो शहाणा. तो खिशात मिठाची पुडी घेऊन आला. सासूबाईंनी ताट ठेवता ठेवता पुडी पकडली.

"हे काय रे?"

"पावडर, दोन्या. दाढीनंतर लावायची."

सासूबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं. "तुला लहान लेकरं आहेत ना रे, तुलियो? ती बापाविना वाढवायची आहेत का?" आणि त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी! तुलियोही रडला आणि मुकाट्यानं सगळा अळणी रस्सा प्यायला. सांगा आता, शिव्या देणाऱ्या बाईशी भांडता येतं हो, डोळे पुसत वाढणाऱ्या बाईशी माणसानं कसं भांडायचं?

लोक भांडले नाहीत. लोक यायचे बंद झाले. कुणाचं पोट बिघडलं, कुणाचा उपास निघाला, कुणाची आत्या आजारी पडली. एवढ्या आत्या आमच्या गावात आहेत हे मला तेव्हाच कळलं!

त्या शनिवारी सकाळी माझी बायको देनिया कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"आई काय म्हणाली ऐकलंस? आज पातेलं रिकामं झालं नाही तर उद्यापासून कुलूप. सेइबाला मावशीकडे जाऊन राहणार म्हणे."

"अगं, म्हणतात त्या असं..."

"भांडी बांधायला पोती आणून ठेवलीत तिनं! जन्मभर चुलीपुढं उभी राहिलेली बाई ती, मावशीच्या ओसरीवर बसून काय माशा मारणार? झुरून जाईल रे. तू सांग तिला मिठाचं."

"मी? तू मुलगी आहेस, तू सांग!"

"मी सांगितलं तर म्हणेल, लग्न झाल्यापासून पोरगी बदलली, नवऱ्यानं कान भरले. म्हणजे फिरून तुझ्यावरच येणार. मग आधीच जा की!"

या बाईशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही.

"ज्या माणसाचं मीठ खाल्लंस, त्याच्यासाठी एवढं करशील ना?" ती म्हणाली.

"मीठ कुठं खाल्लं, देनिया? तेच तर मिळत नाहीये!"

तिनं हातातली पळी उलटी धरली. मी निघालो.

खाणावळीत टेबलं पुसून लख्ख, आणि माणूस एक नाही. चुलीवर ते भलंमोठं पातेलं रटरटत होतं. सासूबाई माझ्याकडे बघून असं हसल्या की मी सगळं विसरलो. वाटेत मी भाषण पाठ केलं होतं हो! आधी स्तुती, मग थोडी तब्येतीची चौकशी, मग हळूच मीठ.

"ये पोरा! आधी चाखून बघ." त्यांनी डाव माझ्या तोंडाशी धरला.

मी चाखला. देवा रे! सगळं होतं त्यात, नारळ, वजडी, कोथिंबीर, माया. पण चव नव्हती. हेच ते, हाच तो क्षण, सांगून टाक ओल्विन!

"कसं झालंय?" सासूबाईंनी विचारलं. डोळे माझ्या तोंडावर.

"काय सांगू, सासूबाई," मी म्हणालो. "शब्दच नाहीत!"

सासूबाईंनी डाव पातेल्याच्या कडेवर ठक्क करून आपटला. मग डाव खाली ठेवून म्हणाल्या, "बरं. जा, गाडी फिरव. लोकांना बोलाव."

मी शेपूट घालून बाहेर आलो. मग मला एक थोर विचार सुचला. रिकाम्या पोटी माणसानं खरं बोलूच नये! जीभ अळणी झालीय, म्हणून धीर होत नाही. आधी कुठंतरी मिठाचे चार घास खावेत, अंगात बळ आणावं आणि मग जाऊन बेधडक सांगावं. आणि मिठाचं खायचं, तर बसस्टँडमागं दोन्या मिर्तालाची खाणावळ होतीच.

आता मिर्ताला म्हणजे कोण? सासूबाईंची हाडवैरी! एका जत्रेत दोघींची पातेली शेजारी शेजारी लागली होती. आमच्या पाद्रीबाबांनी पहिलं ताट सासूबाईंकडे घेतलं आणि दुसरं मिर्तालाकडे. कुणी म्हणतं पहिल्याचा मान मोठा, कुणी म्हणतं माणूस पुन्हा मागतो ते आवडलं म्हणूनच. तेव्हापासून दोघी एका फुटपाथवरून चालत नाहीत. तिथं ओर्बेलिनाचा जावई जेवताना दिसला, तर भांडी बांधायच्या पोत्यात मलाच घालून सेइबाला धाडतील!

पण मी काय कच्च्या गुरूचा चेला? गाडी बागेपाशी लावली आणि भोंग्यावर टेप लावून दिली. "लोकहो! आज शनिवार! दोन्या ओर्बेलिनाचा वजडीचा रस्सा! एकदा खाल तर जन्मभर विसरणार नाही!" संपली की पुन्हा पहिल्यापासून. गावाला वाटणार, ओल्विन काम करतोय. मी टोपी नाकापर्यंत ओढली, काळा चष्मा चढवला आणि मागच्या गल्लीनं सटकलो.

मिर्तालाच्या दारात पोचलो आणि तिथंच पहिली ठेच लागली. खाणावळीत शिरताना चार माणसं जेवत असतील, तर त्यांना "सावकाश होऊ द्या!" म्हटल्याशिवाय आमच्याकडे कुणी पाऊल टाकत नाही. चोर आला तरी आधी हे म्हणेल आणि मग गल्ला उचलेल! जेवणाऱ्यानंही तोंडात घास असला तरी "आभार!" म्हणायचं. आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं हे. पण मी तोंड उघडलं की संपलं, हा आवाज गावात शेंबडं पोरही ओळखतं! म्हणून मी गुपचूप आत शिरलो आणि भिंतीकडच्या खुर्चीवर बसलो.

सगळी खाणावळ एकदम गप्प! चमचे हवेत. मिर्ताला कमरेला फडकं खोचत पुढं आली.

"काय हो पाहुणे? माणसं जेवतायत, गुरं नाहीत. आईनं काही शिकवलंय की नाही?"

आईवर आली ना! मी घसा आवळला आणि मांजराच्या पिल्लासारखा आवाज काढला. "सावकाश होऊ द्या..."

"आभार, ओल्विन!" कोपऱ्यातल्या वर्तमानपत्रामागून आवाज आला. वर्तमानपत्र खाली झालं. तुलियो न्हावी!

"तू इथं?" मी म्हणालो.

"आत्या आजारी आहे," तुलियो म्हणाला. मिशीला रस्सा लागलेला.

"ओल्विन आहे होय?" थंड पेयांच्या फ्रीजमागून दुसरं डोकं निघालं. पाद्रीबाबा! "मी एका आजाऱ्याला बघायला आलो होतो, बाळा."

"तुलियोच्या आत्याला?"

पाद्रीबाबांनी देवाचं नाव घेतलं आणि भाकरी मोडली. तेवढ्यात त्यांच्या मागून नर्स आर्मिदा उठली, हातात प्रेशरच्या मशीनची पिशवी. मी तर उडालोच! "तुम्ही? तुमच्यामुळंच तर हे सगळं झालं!"

"माझ्यामुळं?" नर्सबाई भडकल्या. "मी 'कमी' म्हणाले होते, 'बंद' नाही! आणि त्यांना म्हणाले होते, गावाला नाही! आता मी काय प्रत्येकाला दवाखान्यातून मीठ वाटू?"

मिर्तालानं माझ्यापुढं ताट ठेवलं. मला वाटलं आता ही बाई गावभर दवंडी पिटणार. पण ती एवढंच म्हणाली, "माझ्या खाणावळीत कोण जेवतो, हे माझ्या तोंडून कुणाला कळत नाही. गिळ."

शेजारच्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून एक बाई जेवत होती. डोक्यावरून पंचा, त्यावर भलीमोठी टोपी. डोंगरावरून कांदे विकायला येतात ना, त्यांतली असावी. मीठदाणी तिच्यापुढं होती.

"मावशी, जरा मीठ सरकवता?"

तिनं आधी स्वतःच्या ताटात घसघशीत भुरभुरलं आणि मग वळून न बघता मीठदाणी माझ्याकडे ढकलली.

पहिला घास घेतला आणि मला आई आठवली! डोळे भरून आले हो. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिकडं बागेपाशी माझाच आवाज बोंबलत होता, "दोन्या ओर्बेलिनाचा वजडीचा रस्सा! एकदा खाल तर..." आणि इकडं आम्ही सगळे माना खाली घालून चोरांसारखे ओरपत होतो.

"जन्मभर विसरणार नाही!" तुलियो पुटपुटला. "हे मात्र खरं बोललास."

सगळे फिस्सकन हसले. झालं, मीठ पोटात गेलेलं, त्यात माणसं हसायला लागली, माझी जीभ सुटली! मी डाव उचलून तोंडाशी धरला.

"लोकहो! दोन्या ओर्बेलिनाचा रस्सा! बाळंतिणीला चालतो, तान्ह्या बाळाला चालतो, उरला तर कपडे धुवायला चालतो! ज्यात पिळलेलं लिंबूसुद्धा म्हणतं, मला घरी सोडा!"

पाद्रीबाबांना ठसका लागला. नर्सबाई पदरात तोंड घालावं तशा ॲप्रनमध्ये तोंड घालून हसत होत्या. कांदेवाल्या मावशीची पाठसुद्धा हलत होती. मला आणखी चेव चढला.

"गाई म्हणतात, आम्ही जेवतो, तुम्ही चरा!"

मग तुलियोनंच डोळे पुसले आणि म्हणाला, "हसतोय आपण, पण बाई उद्या कुलूप लावतेय म्हणे."

हसणं विझलं. मीही डाव खाली ठेवला.

"खरं सांगू?" मी म्हणालो. "मी देनियाला मागणी घालायला गेलो होतो ना, तेव्हा दारातच टोपी चुरगळत उभा होतो. सासूबाईंनी काही विचारलं नाही. ताट वाढलं आणि म्हणाल्या, आधी जेव, मग माग. पोट भरल्यावर माणूस नीट मागतो. तसं जेवण मला पुन्हा कुणी वाढलं नाही." मी मीठदाणी उगाच फिरवली. "त्या हाताला काही धाड भरलेली नाही. नुसतं मीठ नाही. कुणीतरी सांगायला हवं."

"तू सांग," तिघं एकदम म्हणाले.

"मी सकाळी गेलो होतो. पाद्रीबाबा, तुम्ही सांगा ना! तुमचं ऐकतील."

"मला? तिचं पहिलं ताट आणि हिचं दुसरं, एवढ्यावरून काय झालं ते बघितलंस ना?"

नर्सबाईंनी छताकडे बघितलं. तुलियोनं वर्तमानपत्र पुन्हा वर केलं, तेही उलटं.

"जाऊ दे," मी उठलो. "मीच जातो. आज सांगतोच!" छाती पुढं काढून दारात आलो, आणि बाहेर पडताना म्हणतात तसं सवयीनं वळून म्हणालो, "चला, सावकाश होऊ द्या!"

"आभार!" तुलियो म्हणाला. "आभार, बाळा," पाद्रीबाबा म्हणाले. "आभार," नर्सबाई.

"आभार, पोरा."

हा चौथा आवाज भिंतीकडून आला होता.

माझा पाय उंबऱ्यावर तसाच राहिला. हा आवाज मी रोज ऐकत होतो! कांदेवाल्या मावशीनं तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता. लहानपणापासूनची सवय, ती काय वेषांतर बघते? टोपी खाली आली, पंचा खाली आला. सासूबाई! हनुवटीवर मिठाचे दाणे, आणि पुढं ताट असं चाटूनपुसून लख्ख की धुवायला नको.



"सा... सासूबाई," मी म्हणालो. "तुम्ही तर खाणावळीत..."

"देनियाला बसवून आलेय. मेणबत्ती लावायला चर्चमध्ये जाते म्हटलं." त्यांनी पाद्रीबाबांकडे बघितलं. "आणि तुम्ही हो? चर्च कुणाच्या भरवशावर सोडलंत?"

पाद्रीबाबांनी फ्रीजकडे आशेनं बघितलं.

"दर शनिवारी येते मागच्या दारानं," मिर्ताला शांतपणे म्हणाली. "सांगितलं ना, माझ्या तोंडून कळत नाही."

"सासूबाई, ते कपडे धुण्याचं मी आपलं गमतीनं..."

"गप्प बैस!" सासूबाई कडाडल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला काय जीभ नाही? रोज सकाळी ते पातेलं चाखते आणि मलाच रडू येतं. पण भरल्या खाणावळीत तुलियोच्या खिशातून मीठ काढलं मी. आता कोणत्या तोंडानं परत घालू? रोज वाट बघत होते. म्हटलं, एक तरी माईचा लाल तोंडावर म्हणेल, दोन्या, अळणी झालंय! एवढं म्हणायचा अवकाश, लगेच घातलं असतं. पण छे! सगळे वा वा करत गेले आणि आले नाहीत. आणि हा माझा जावई, अख्ख्या गावाचा भोंगा! आज मुद्दाम डाव तोंडाशी धरला, डोळ्यांत बघून विचारलं. तर म्हणतो, शब्दच नाहीत!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अळणी आहे, सासूबाई," मी खाली बघून म्हणालो. "फार अळणी आहे."

"झालं सांगून? एवढंच होतं ना!" असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढून पाठीत एक हाणली. पण हलकीच.

मिर्ताला आत गेली आणि मिठाची पिशवी घेऊन आली. सासूबाईंच्या पुढ्यात आपटली. "घे. तुझं पातेलं अजून गरम असेल. पण एक सांगून ठेवते, दुसरं ताट त्यांनी माझ्याकडेच घेतलं होतं."

"पहिलं माझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवी काखेत मारली.

मग काय! मी भोंग्यावर स्वतः ओरडत सुटलो, "मीठ आलं! मीठ आलं!" आत्या फटाफट बऱ्या झाल्या, उपास सुटले, आणि संध्याकाळच्या आत पातेल्याचा तळ दिसला. भांडी बांधायच्या पोत्यांत आता कोळसा असतो. देनियानं सगळ्यांदेखत माझा गाल ओढला. गोष्ट इथंच संपली असती, तर मला ती सांगायला किती आवडली असती!

पण नर्स आर्मिदा. आम्ही निघण्याआधीच त्या मिर्तालाकडे मशीन काढून बसल्या होत्या. सासूबाईंचं प्रेशर बघितलं, तर ठणठणीत! "थोडं मीठ चालेल," म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "ओल्विन, तुझंही बघू जरा."

आता तुम्हीच सांगा, ज्या सासूच्या रश्श्यात कपडे धुवायला निघालो, ती सासू शेजारी उभी असताना कुणाचं प्रेशर जाग्यावर राहील? पट्टा फुगला, काटा वर गेला तो खाली यायचं नाव घेईना!

तेव्हापासून शनिवारी सगळं गाव मिठाचा रस्सा ओरपतं. चुलीच्या कडेला एक छोटं पातेलं वेगळं रटरटत असतं. ते माझं! नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, पण आमच्याकडे आवडत्या जावयाचं असतं. सासूबाई स्वतःच्या हातानं वाढतात आणि ताट संपेपर्यंत हलत नाहीत. मिर्तालाकडे जायची सोय नाही. सासूबाईंचं आता तिच्याशी जमलंय, दोघी शेजारी बसून भाकऱ्या थापतात, त्यामुळं तिनंही माझं मीठ तोडलंय! न्हावी, पाद्री, नर्स, एकेक जण ढेकर देत माझ्या टेबलावरून जातो आणि म्हणतो, "सावकाश होऊ द्या, ओल्विन!" आणि मला आभार मानावे लागतात.

परवा सासूबाईंनी डोळ्यांत बघून विचारलं, "कसं झालंय रे, पोरा?"

मी घास गिळला.

"काय सांगू, सासूबाई," मी म्हणालो. "शब्दच नाहीत!"